वरच्या मजल्याची लादी

पंचेचाळीस वर्षं फिक्री मिस्त्रीने, तिकडच्या भाषेत उस्ता फिक्रीने, अलेक्झांड्रियाच्या लोकांच्या पायांखाली लाद्या घातल्या, पण कुठली लादी घालायची हे त्याला कधी कुणी विचारलं नाही. निवडायचं मालकाने, मालकिणीने, नाहीतर कंत्राटदाराने. गाढवाच्या गाडीवरून लाद्या दारात उतरल्या की फिक्रीचं काम सुरू. दोरी ताणायची, वाळू अंथरायची, पातळी बघायची, आणि समोरच्या भिंतीपासून गुडघ्यांवर मागे मागे सरकत दाराशी यायचं. रंग डोळ्यांत खुपला तरी बोलायचं नाही. "ज्याला रोज तुडवायचीय त्याने निवडावी. मी तर संध्याकाळी घरी जाणार," असं तो म्हणायचा.

आणि घरी काय होतं? दिव्याखाली अंधार. बाकोस भागातल्या गल्लीत त्याने स्वतः बांधलेलं घर, आणि त्यात प्रत्येक कामावरून उरलेल्या लाद्या. बाहेरच्या खोलीत एका न्यायाधीशाच्या बंगल्यातल्या पिवळ्या, त्या पुरल्या नाहीत म्हणून खिडकीखाली शाळेच्या तपकिरी. स्वयंपाकघरात बेकरीच्या काळ्या-पांढऱ्या. झोपायच्या खोलीत तर तीन जातींच्या. त्याची बायको बहीगा पाहुण्यांना सांगायची, "बसा ना, न्यायाधीशांकडे बसा. जेवायला आपण बेकरीत जाऊ." पाहुणे हसायचे, फिक्रीही हसायचा. पण कधी कधी फडकं पिळता पिळता ती म्हणे, "अहो सरवतचे बाबा, एक तरी खोली एका रंगाची असावी की नाही माणसाच्या घरात?" तो म्हणे, "करू. एकदा जरा मोठं काम मिळू दे, एका जातीच्या भरपूर उरू देत." असं म्हणता म्हणता अडतीस वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात, समुद्रावरून तीन दिवस वादळ घोंघावत असताना, बहीगा न्यूमोनियाने गेली. त्यालाही आता चार वर्षं झाली होती.

घराचा वरचा मजला मुलासाठी, सरवतसाठी बांधलेला. विटा लागल्या, स्लॅब पडला, गिलावा झाला, आणि सरवत इटलीला गेला. येईल, लग्न करेल, मग त्याची बायको तिच्या आवडीची लादी घालेल, म्हणून जमीन तशीच ओबडधोबड काँक्रीटची राहिली. चौदा वर्षं. सरवतने लग्न तिकडेच केलं. एक दिवस त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, वरचा मजला भाड्याने देऊन टाका. आम्ही काही आता तिथे राहायला येणार नाही. पोरांच्या शाळा इथे आहेत." फिक्री "बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिला.

शुक्रवारी त्याची मुलगी नगवा आली, हातात गरम फलाफलची पुडी घेऊन. नगवा वीज कंपनीच्या कचेरीत कामाला. चाळिशीची, टापटिपीची, बोलण्यात बापापेक्षा आईवर गेलेली. तिच्याबरोबर हुस्नी दलाल आला होता. मिशीला काळा रंग, हातात दोन फोन. तिघं वर गेले. हुस्नीने बुटाच्या टोकाने काँक्रीटवरची धूळ उडवली.

"उस्ता, घर चांगलं आहे, हवा चांगली आहे. पण जमिनीशिवाय कोण घेणार? पांढरी सिरॅमिक टाका. मोठ्या, चकचकीत. फोटोत कशी तलावासारखी दिसते!"

"तलावात माणसं बुडतात," फिक्री म्हणाला.

"अहो, भाडेकरू फोटो बघून येतो."

"आणि पाय घसरला की मला बघून घ्यायला येतो."

हुस्नीने नगवाकडे पाहिलं. नगवाने पिशवीतून लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फरशीचा तुकडा काढला. "बाबा, मग ही बघा. दोन दिवसांत अंथरून होते. पाणी लागलं तरी काही होत नाही. स्वस्त पण आहे." फिक्रीने तुकडा हातात घेतला, वास घेतला, आणि अंगठ्याच्या नखाने एक रेघ ओढली. रेघ उमटली. त्याने तुकडा परत दिला.

"हे नको, ते नको," नगवा वैतागली. "मग तुम्हीच सांगा ना बाबा. काय घालायचं? जन्म गेला तुमचा यात."

बसवायची कशी हे फिक्रीने झोपेतही सांगितलं असतं. दहा कंत्राटदारांना त्याने पातळीवरून गप्प केलं होतं. पण कुठली घालायची? बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदाच हा प्रश्न त्याच्यासमोर आला होता, आणि त्याला परीक्षेत कोरा कागद घेऊन बसलेल्या पोरासारखं वाटलं.

"मला एक दिवस दे," शेवटी तो म्हणाला. "मी माझ्या जुन्या जमिनी बघून येतो. कुठली कशी टिकलीय ते बघतो. दुकानात सगळ्याच लाद्या नवऱ्या मुलीसारख्या दिसतात. संसार केलेली बघायला हवी."

हुस्नी हसला. नगवा नाही हसली. ती म्हणाली, "उद्या मला सुट्टी आहे. मी येते तुमच्याबरोबर. या गुडघ्यांनी एकटे कुठे जाणार?"

शनिवारी दोघं ट्रामने इब्राहिमियाला उतरले. तिथल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फिक्रीने लग्नाच्या वर्षी मोझॅकच्या लाद्या घातल्या होत्या, राखाडी, आत काळे-पांढरे दगडाचे कण. दुकानात शिरताच त्याची मान खाली गेली. आता जुन्या मालकाचा मुलगा गल्ल्यावर होता, डोक्यावरचे केस विरळ झालेला. औषधवाल्याला तिथे डॉक्टरच म्हणतात.

"डॉक्टर, मला काही नको. मी फक्त खाली बघायला आलोय."

"खाली?"

"ही जमीन माझी आहे."

डॉक्टर क्षणभर बावचळला, मग त्याला उलगडा झाला. त्याने चहा मागवला. गल्ल्यासमोर जिथे माणसं चिठ्ठी देऊन उभी राहतात तिथे लादी किंचित खोलगट झाली होती. बाकी एक तडा नाही, एक कोपरा उडालेला नाही. "बाबांनी एकदा घासून घेतली, मी एकदा," डॉक्टर म्हणाला. "दोन्ही वेळेला खालून नवीच निघाली." फिक्री त्या खोलगट जागेवर उभा राहिला. दोन्ही पाय बरोबर बसले. किती माणसांनी इथे वाट बघितली असेल, कुणाच्या पोराला ताप, कुणाची आई अंथरुणावर, असं काहीसं त्याच्या मनात आलं. बहीगाचं औषध घ्यायला तोही इथेच उभा राहिला होता. तेव्हा खाली बघायचं सुचलं नव्हतं.

बाहेर आल्यावर नगवा म्हणाली, "टिकाऊ आहे, मान्य. पण दवाखान्यासारखी दिसते."

"औषधाचं दुकान आहे ते, पोरी. बँडबाजासारखी दिसायला हवी का?"

तिथून ते लोरानला गेले. समुद्रापासून दोन गल्ल्या आत गलाल बे, म्हणजे गलालसाहेब, यांचा फ्लॅट होता. ते उन्हाळ्यात तो कैरोच्या कुटुंबांना भाड्याने देत. तिथे वीस वर्षांपूर्वी फिक्रीने सिरॅमिक घातली होती, पांढरी, हुस्नीच्या तलावासारखी. त्या काळी ती नवीन होती आणि ज्याला त्याला तीच हवी होती. गलाल बेंनी दार उघडलं आणि फिक्रीला ओळखताच कपाळाला आठ्या घातल्या.

"या, या. बघा आपली करामत."

दारापासून बाल्कनीपर्यंत एक मळकट वाट पडली होती. समुद्रावरून येणाऱ्या पायांना चिकटलेल्या वाळूने चकाकी खरवडून टाकली होती. कोपरे उडालेले. फिक्री काठीच्या मुठीने एकेका लादीवर टकटक करत गेला. टक, टक, टक, आणि मग एकदम ढब्. खालून पोकळ. पुन्हा ढब्. सांध्यांतून मिठाची पांढरी बुरशी वर आली होती.

"महिन्याभरात सगळी काढतोय," गलाल बे म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात एक बाई घसरल्या. हात मोडला. वर मलाच शिव्या."

फिक्री उभा होता तिथेच थांबला. नगवाला वाटलं आता तो सिरॅमिकला नावं ठेवणार. पण तो म्हणाला, "गलाल बे, लादीचा दोष आहेच. पण पोकळी माझी आहे. वाळू समुद्रावरची होती, खारट. कंत्राटदाराने आणली होती. मी जिभेला लावून बघितली होती. मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीचं लग्न होतं त्या वर्षी. कंत्राटदाराकडे पुढची तीन कामं होती."

ती पोर बाजूलाच उभी होती. तिचा चेहरा लाल झाला. जिना उतरताना तिने बापाचा दंड धरला.

"हे आईला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. रागावली नाही. जेवण वाढता वाढता एवढंच म्हणाली, 'जीभ कशाला दिलीय देवाने, वाळू चाखायला?'" फिक्री दोन पायऱ्या उतरला. "त्यानंतर एकदाही समुद्राची वाळू घातली नाही मी. पण तिथली घातलेली काढलीही नाही."

नगवाला घरी जायचं होतं. दोन वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते. पण परतीच्या ट्राममध्ये फिक्री एकदम म्हणाला, "कॅम्प सीझरला उतरू. मादाम अराक्सी आहे का अजून, बघू."

मादाम अराक्सी हे नाव ऐकून नगवाचे डोळे चमकले. अराक्सी म्हणजे आर्मेनियन शिंपीण. एके काळी अर्ध्या कॅम्प सीझरच्या नवऱ्या मुलींचे पोशाख तिच्याकडे शिवले जायचे. बहीगा आठवड्यातून तीन दिवस तिच्याकडे काज-बटणं आणि टीप घालायला जात असे, आणि चार-पाच वर्षांची नगवा तिच्याबरोबर. मोठ्या कापायच्या टेबलाखाली बसून लोहचुंबकाने पिना गोळा करायच्या, हे नगवाचं काम. शंभर पिनांना एक चॉकलेट.

चौथ्या मजल्यावर चढायला फिक्रीला पंधरा मिनिटं लागली. दार मादामनेच उघडलं. ऐंशीच्या पुढची, वाळून चिमणीएवढी झालेली, पण गळ्यात मोजपट्टी अजून होतीच. जन्म इथलाच असूनही तिचं अरबी काही सरळ झालं नव्हतं. बोलता बोलता मध्येच बायांना ती पुरुष करायची आणि पुरुषांना बाया.

"उस्ता! तू आली? मेली नाहीस अजून?"

"तुमच्या आधी कसा मरेन, मादाम? रांग आहे."

"आणि हा कोण? हा तर पिनावाला!" तिने नगवाला छातीशी धरलं आणि तिच्या गालांचे मुके घेतले.

आत शिरताच फिक्री जागच्या जागी थांबला. खिडकीतून दुपारचं ऊन खोलीभर पडलं होतं. खाली सिमेंटची नक्षीची लादी. फिकट राखी जमीन, तिच्यावर हिरवट पानं, आणि चार लाद्यांचे कोपरे जिथे मिळतात तिथे एक छोटं विटकरी फूल. छत्तीस वर्षं. शिलाईयंत्राचे पाय जिथे होते तिथे चार डाग होते, बाकी सगळीकडे रंग फिका पडायच्या ऐवजी गडद झाला होता. पावलांनी आणि पाण्याने तिला एक मऊ झळाळी आणली होती. कोणत्याही पॉलिशने ती येत नाही.

"बाबा," नगवा हळूच म्हणाली. "बघा किती सुंदर आहे. मला वाटायचं लहानपणीच्या आठवणीतच एवढी सुंदर असेल. पण खरंच आहे."

फिक्रीला ही लादी नीट आठवत होती. पंचेचाळीस वर्षांत एवढी एकच जमीन अशी होती की ती बसवताना त्याला घाई करावीशी वाटली नाही. त्या दिवशी घरी जाऊन तो बहीगाला म्हणाला होता, "आज पहिल्यांदा डोळे असलेल्या माणसाने लादी निवडलीय."

तो मादामला म्हणाला, "तेव्हाच मी म्हटलं होतं. तुमची नजर म्हणजे नजर."

मादाम खुर्चीत बसली होती. ती आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग नगवाकडे. "म्हणजे तिने सांगितलंच नाही तुला? कधीच नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"अरे, मी कुठे निवडली! मी काळी-पांढरी घेणार होते. माझा नवरा म्हणत होता लाल. कारखान्याने पाच नमुने पाठवले होते, इथे ओळीने मांडले होते. बहीगा काज करत बसली होती तिथे कोपऱ्यात. एक शब्द बोलली नाही. मग उठली, पिनांचा डबा घेतला आणि पाचही लाद्यांवर मूठ मूठ पिना टाकल्या. मग धाग्यांचे तुकडे टाकले. मग माझ्या कपातला कॉफीचा गाळ चमच्याने थोडा थोडा टाकला. मी ओरडले, वेडी झालीस का? ती म्हणाली, 'मादाम, जिच्यावर पिना दिसतात आणि कचरा दिसत नाही, ती घ्या. पोरं अनवाणी फिरतात इथे.' ही एकच लादी तशी निघाली. मी म्हटलं, आणि ते लाल फूल? म्हणाली, 'ते आमच्यासाठी. दिवसभर मान खाली असते आमची, काहीतरी बघायला नको?'"

खाली रस्त्यावर ट्रामची घंटा वाजून गेली.

"मला का नाही सांगितलं?" फिक्रीने विचारलं.

"मी विचारलं होतं तिला. म्हणाली, 'आधी सांगितलं तर तो चुका काढेल. आधी आवडू दे, मग सांगते.' तू लादी घातलीस, तुला आवडली. मी महिन्याने पुन्हा विचारलं, सांगितलंस का? तर हसली. म्हणाली, 'आता नाही सांगत. रोज जेवताना त्या लादीची स्तुती करतो, डोळे असलेलं माणूस म्हणतो. सांगितलं तर थांबेल.'"

फिक्री खाली वाकला. सांधे बघायचेत असं काहीतरी पुटपुटत तो गुडघ्यांवर बसला आणि एका विटकरी फुलावरून अंगठा फिरवू लागला. बराच वेळ. त्याची पाठ हलत होती. मादामने नगवाला ओठांवर बोट ठेवून खूण केली. मग त्याला उठता येईना. एका बाजूने मुलगी, एका बाजूने ऐंशीच्या पुढची शिंपीण, अशा दोघींनी मिळून त्याला ओढून उभं केलं.

"बघ," मादाम म्हणाली, "मी अजून तुझ्यापेक्षा जोरदार आहे."

पुढच्या आठवड्यात बापलेक वरदियान भागात खमीसच्या लाद्यांच्या कारखान्यात गेले. शहरात अजून हाताने चालवायच्या दाबयंत्रावर नक्षीची लादी काढणारे फार राहिले नव्हते. खमीसकडे पितळेचे जुने साचे भिंतीला टांगलेले होते. नेमका तोच साचा नव्हता, पण त्याच घराण्यातला म्हणता येईल असा एक निघाला. पानं जरा रुंद, फूल जरा लहान. खमीसने कान खाजवत सांगितलं, "उस्ता, आख्ख्या घराला घालायची तर महागात पडेल. आणि दीड-दोन महिने लागतील. घाईने काढलेली लादी फुटते, तुला काय सांगायचं."

मग त्यांनी ठरवलं. बाहेरच्या खोलीला नक्षीची, आणि आतल्या खोल्यांना, स्वयंपाकघराला औषधाच्या दुकानासारखी मोझॅक. पण मोझॅकचा रंग कुठला? खमीसने सहा नमुने मांडले. फिक्री उभा राहिला, हात मागे बांधून. नगवाने वाट पाहिली. मग तिने डोक्याच्या रुमालातून तीन-चार टाचण्या काढल्या आणि लाद्यांवर टाकल्या. फिक्री तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने खमीसच्या हातातला अर्धा प्यायलेला कॉफीचा पेला घेतला.

"अरे, माझी कॉफी!"

"दुसरी सांग. पैसे मी देतो."

गाळ पडला, धागे पडले, कारखान्यातली माणसं काम टाकून बघायला जमली. एक जण म्हणाला, "म्हातारा खुळावला." फिक्रीने लाद्यांवर पाणीही ओतलं आणि चप्पल घासून बघितली, घसरते का. शेवटी तो एका मधाळ राखी लादीपाशी थांबला आणि म्हणाला, "ही." एकच शब्द. पण तो बोलायला त्याला बहात्तर वर्षं लागली होती.

बसवायचं काम गुडघ्यांमुळे त्याच्याच्याने होणार नव्हतं. रगब नावाचा पन्नाशीचा कारागीर आला. फिक्री स्टूल टाकून बसला आणि पहिल्या दिवशी त्याने रगबला नऊ वेळा टोकलं. दहाव्या वेळी रगब थापी खाली ठेवून म्हणाला, "उस्ता, तुम्ही माझे गुरू असतात तर मी पळून गेलो असतो." फिक्री हसला आणि मग जरा गप्प बसला. वाळू मात्र प्रत्येक पोत्यातली त्याने चाखली. शेवटची लादी दाराशी होती. ती त्याने रगबला बसवू दिली नाही. नगवाचा खांदा धरून तो खाली बसला, माल पसरला, लादी ठेवली, आणि थापीच्या दांड्याने चार कोपरे ठोकले.

हुस्नीने फोटो काढले आणि मान हलवली. "आजीच्या घरासारखं दिसतंय, उस्ता." दोन जोडपी बघून गेली. एका तरुणीने नाक मुरडलं, "हे जुनंच आहे की! नवीन कधी घालणार?" महिना गेला, दीड महिना गेला. नगवाच्या तोंडावर काळजी दिसत होती. फिक्रीला रात्र रात्र वाटे, आपण बहीगासाठी घर केलं आणि भाडेकरूचा विचारच केला नाही की काय. नगवाला एकदा त्याने तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, आईने ती लादी तरी कुठे स्वतःसाठी निवडली होती? लोकांच्या पोरांच्या पायांसाठीच निवडली होती ना?"

मग इख्लास आली. सरकारी रुग्णालयात परिचारिका, नवरा नाही, बरोबर म्हातारी आई. आई चार पायांची काठी घेऊन जिना चढली, एकेका पायरीला देवाचं नाव घेत. दारात इख्लासने तिला धरायला हात पुढे केला. म्हातारीने चपला काढल्या, अनवाणी पाय नक्षीवर ठेवला, आणि लेकीचा हात बाजूला सारून सरळ बाल्कनीपर्यंत चालत गेली. तिथून तशीच परत आली.

"ही जमीन पाय धरते, पोरी," ती म्हणाली. "आपल्या त्या घरात मी भिंतीला धरून चालते."

इख्लास फिक्रीकडे वळली. "उस्ता, खरं सांगा. हिवाळ्यात गार लागते का?"

हुस्नी मागून खुणावत होता, नाही म्हणा, नाही म्हणा.

"लागते," फिक्री म्हणाला. "चांगलीच लागते. चटई घ्या एक, पलंगाशी टाका. पण उन्हाळ्यात आईंना यावरच झोपावंसं वाटेल."

इख्लास हसली. "आधीच्या घरमालकाने कधी काही खरं सांगितलं नाही." आणि तिने घर घेतलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. शुक्रवारी सकाळी इख्लासला सुट्टी असते. फिक्री दारासमोर गल्लीत खुर्ची टाकून, चहा घेऊन बसतो. वर बादल्या सरकल्याचा आवाज येतो, मग धो धो पाणी ओतल्याचा, मग रबरी पट्टीचा झाडू आतल्या भिंतीपासून बाल्कनीपर्यंत सर्र सर्र येतो. या घराला उतार बोटभर द्यायचा की अर्धं बोट, यावरून त्याने रगबशी दोन दिवस भांडण केलं होतं. पाणी कुठेही न थांबता एका दमात बाल्कनीच्या, खाली गल्लीत उघडणाऱ्या नळीशी पोचतं. फिक्री कान देऊन ऐकतो.

मग वरून म्हातारीची हाक येते, "उस्ता, खुर्ची सरकवा! पाणी सोडतेय!"

आणि फिक्री चहाचा पेला सांभाळत उठतो आणि खुर्ची उन्हात ओढून घेतो.